घोडी आपल्याकडे काय बघते?

मागच्या अंकात मी आमच्या वाईजवळच्या पागेतल्या कामाबद्दल लिहिलं होतं. घोड्यावर बसायचं नाही, जमिनीवरून त्याच्यासोबत वावरायचं आणि त्यातून स्वतःच्या वागण्याकडे बघायचं, असं ते काम. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या तीन पत्रांना इथे उत्तर देते.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. कंपनी आमच्या १५ सुपरवायझरांना ‘घोड्यांसोबत नेतृत्व’ अशा एक दिवसाच्या कार्यक्रमाला पाठवणार आहे. साहेब विचारतात, घोडा काय शिकवणार? मला नीट सांगता येत नाही. शिवाय मला स्वतःला घोड्याची भीती वाटते आणि त्या दिवशी मलाही जायचं आहे.

उत्तर : साहेबांना सांगा, घोडा काही शिकवत नाही. आपलं अंग जे बोलत असतं त्याला तो उत्तर देतो, आणि बऱ्याचदा आपलं अंग काय बोलतंय याचा आपल्यालाच पत्ता नसतो.

घोडा ही वाघ-लांडग्यांची शिकार होणारी जात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा सोडली तर जवळजवळ ३५० अंशांतलं त्याला दिसतं. कळपात एकाची मान ताठली, कान एका दिशेला रोखले गेले, की बाकीचे कारण विचारत बसत नाहीत, पळतात. असं बारीक बघणारेच हजारो वर्षं जगले. तीच नजर तो आपल्यावरही ठेवतो.

बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट साहेबांना जरूर सांगा. त्याचे मालक फॉन ऑस्टन हे निवृत्त गणित शिक्षक. गणित घातलं की हान्स पायाची टाप आपटून उत्तर द्यायचा, आणि ते बरोबर यायचं. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली, तिला फसवाफसवी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने नेटाने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये उलगडा मांडला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, किंवा तो हान्सला दिसत नसला, की हान्स चुकायचा. विचारणारा टापा बघायला किंचित वाकायचा, बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत जरासं वर यायचं, आणि हान्स थांबायचा. गणित त्याला येत नव्हतं, माणूस येत होता. लोक हान्सचं नाव घेऊन हसतात. मला मात्र दरवेळी त्या मालकाचं नवल वाटतं, की इतकी वर्षं आपण मान हलवतोय हे त्याला स्वतःला कळलं नव्हतं.

२००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं घोड्याला घेऊन ठरावीक अंतर चालत किंवा त्याच्यावर बसून जात. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, आता घोडा पुढून जाताना छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले.

आता आमच्या रिंगणातलं सांगते. एका रुग्णालयातल्या परिचारिका-प्रमुख आल्या होत्या. बोलणं मऊ, कुणाला दुखवायचं नाही हा स्वभाव. आमची राणी, १४ वर्षांची मारवाडी घोडी, मोकळी होती, म्हणजे दावं नाही की तोंडाला बांधायची म्होरकी नाही. राणी त्यांच्याजवळ आली, ओढणी हुंगली, खांद्याने हलकेच रेटलं. बाई हसल्या आणि मागे सरकल्या. राणी पुढे आली. असं चार-पाच मिनिटं चाललं. मग मी विचारलं, “किती पावलं मागे आलात?” म्हणाल्या, “एखाददुसरं असेल.” आदल्या संध्याकाळी रिंगणात पाणी मारलं होतं, माती ओली होती. त्यांच्या बुटांचे ठसे सुरुवातीच्या खुणेपासून कुंपणापर्यंत ओळीने उमटले होते. आम्ही दोघींनी मिळून मोजले, अकरा. त्या बराच वेळ त्या ठशांकडे बघत उभ्या राहिल्या. मग राणी पुन्हा आली तेव्हा त्यांनी पाय रोवले, तळहात तिच्या छातीच्या उंचीवर धरला आणि श्वास सोडला. राणी थांबली. तिचा एक कान बाईंकडे वळला, तिने जीभ फिरवून ओठ चाटले आणि मान खाली घातली. बाईंचा आवाज चढला नव्हता, हातही लागला नव्हता.

त्याचा अर्थ मी सांगितला नाही. तो त्यांचा त्यांनी लावायचा. हे शिकायला मला एक चूक करावी लागली. सुरुवातीच्या काळात एका तरुणाच्या छातीवर आमच्या घोड्याने डोकं टेकवून घासलं. “तुमच्या मनातलं दुःख त्याला कळलं,” असं मी म्हटलं आणि तो मुलगा रडला. संध्याकाळी म्होरकी काढली तर कानामागे चट्टा उठला होता. घोड्याला खाज सुटली होती. त्या मुलाला मी पत्र लिहून ते कळवलं, माफी मागितली. तेव्हापासून घोड्याच्या मनातलं मी कुणाला सांगत नाही. वारीत माउलींचा अश्व रिंगण करून गेला की त्याच्या टापांखालची माती आई कपाळाला लावायची, आणि ती श्रद्धा मला आजही तितकीच प्रिय आहे. पण आमच्या रिंगणात देवत्वाच्या नावावर स्वतःचा अंदाज खपवणं पाप आहे.

तेव्हा पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा : घोडे मोकळे असतात का, नको वाटलं तर ते लांब जाऊ शकतात का? एका घोड्यामागे किती माणसं आणि किती वेळ? सावली, पाणी कुठे आहे? १५ जणांना दोन घोडे पुरवून सकाळ-संध्याकाळ राबवणार असतील तर जाऊ नका. परतल्यावर महिन्याभराने सुपरवायझरांशी कोण बोलणार, हेही विचारा. त्या दिवशी जे दिसलं ते कारखान्यात नेऊन लावायला कुणी मदत केली नाही, तर छान सहल होईल, एवढंच.

तुमची भीती लपवू नका. समोर तीन-चारशे किलोंचं जनावर असताना भीती वाटणं शहाणपणाचं आहे. आल्या आल्या आयोजकांना सांगा. पहिला अर्धा तास कुंपणाबाहेरून बघा. जवळ जाल तेव्हा खांद्याच्या बाजूने जा, शेपटीमागून कधीच नको. पायात पुढून बंद बूट हवेत. आत जावंसं वाटलंच नाही तर जाऊ नका. आमच्याकडे कुंपणाबाहेर उभे राहिलेल्यांना पुष्कळदा जास्त दिसतं.

प्रश्न : माझी १५ वर्षांची मुलगी वर्षभर उदास आहे. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत. घोड्यांच्या सहवासाने औषधं सुटतात असं कुणीतरी सांगितलं. तुमच्याकडे आणू का? (सांगलीहून एक आई)

उत्तर : ताई, औषधं एका गोळीनेही कमी करू नका. जे काही बदलायचं ते तिच्या डॉक्टरांनी. घोड्यांमुळे मानसिक आजार बरे होतात असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आज नाही. २०१४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यातही हेच निघालं. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं उदाहरण तुम्हाला कुणी देईल. पोलिओने गुडघ्याखालचे पाय लुळे असताना त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. ते खरं आहे, आणि घोड्याच्या चालीचा उपयोग करणारे फिजिओथेरपिस्टही असतात. पण तो शरीराचा उपचार. मी करते ते काम त्याहून वेगळं, आणि उपचार करण्याचा मला अधिकार नाही.

डॉक्टर हो म्हणाले आणि मुलीला स्वतःला यावंसं वाटलं, तर जरूर या. मी तिला काही विचारणार नाही. खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, हातात देईन, राणीच्या अंगावरून कसा फिरवायचा ते दाखवेन. खरारा केल्यावर हाताला घोड्याचा जो वास लागतो तो दिवसभर राहतो, आणि माझ्या मनाला तो फार बरा वाटतो.

प्रश्न : ताई, माझं वय २३. आमच्याकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. लग्नसराई संपली की त्या बसूनच असतात. त्यांच्यावर हे काम सुरू करता येईल का?

उत्तर : माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते. लगेच नको. वरातीच्या घोडीला बँड, फटाके, गर्दी यांत निमूट उभं राहायला शिकवलेलं असतं. आतून ती घाबरलेली असली तरी दाखवत नाही, कारण दाखवून काही उपयोग नाही हे तिला कळून चुकलेलं असतं. लोक तिला शांत म्हणतात. पण या कामाला जी घोडी ‘नको’ म्हणते तीच हवी.

आधी दोघींना काही महिने मोकळ्या रानात सोड, शक्य तर एकत्र. धनुर्वाताची लस दिली आहे ना, बघ, घोड्यांना तो फार लवकर जडतो. खूर आणि दात तपासून घे. मग रोज जाऊन नुसता बस. ज्या दिवशी एखादी तुला बघून तोंड फिरवून निघून जाईल, त्या दिवशी मला फोन कर. तिचं मन परत यायला लागलं असं मी समजेन.

नवीन घोडी घ्यायची झाली तर मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार आहेच. तिथे चाल दाखवतील, नाच दाखवतील. ते सगळं नंतर बघ. पहाटे लवकर जा, मालक चहाला गेलेला असताना. दावणीपासून दहा पावलांवर उभा राहा, हाक मारू नकोस, आणि तिचा कान तुझ्याकडे वळतो का ते बघ.