ऑफिस आठवड्यातून तीनच दिवस असेल तर अमर्याद प्रवासाचा मासिक पास काढणं परवडतं का?

नुसतं ऑफिसचं जाणं-येणं धरलंत तर नाही परवडत. पासाच्या किमतीला एका तिकिटाने भागा, किती फेऱ्यांत वसूल होतो ते कळेल. रोज जाणाऱ्यालाच जेमतेम फायदा व्हावा असा तो आकडा बहुधा ठेवलेला असतो. तीन दिवसांच्या हिशोबाने तुमच्या महिन्याला 26 फेऱ्या. विषय संपला.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'घरचे म्हणतात, पास वसूल होणार नाही', म्हणून एवढं लिहायला बसले.

मी पास काढला त्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पास 44 तिकिटांच्या किमतीचा, कामाचे दिवस 22, म्हणजे एकही दिवस चुकला नाही तर बरोबरी. सकाळी मी चपला घातल्या की एक रेघ, संध्याकाळी बेल वाजली की दुसरी. एक दिवस तापाने घरी राहिले, तर त्या चौकोनात त्याने छोटंसं शून्य काढलं. ताप किती आहे ते नंतर विचारलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी 42 रेघा होत्या. जेवताना तो काही बोलला नाही, फक्त कॅलेंडरकडे बघत जेवला. मी ओटा पुसला आणि "जरा जाऊन येते" म्हणून बाहेर पडले. पास रात्री बारापर्यंत चालणार होता. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि परत यायचं, झाल्या 44. बसमध्ये मी, कंडक्टर आणि एक झोपलेला माणूस. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, दिवे घालवले. कंडक्टर म्हणाला, "ताई, ही डेपोत जाणार. परतीची मघाशीच गेली." रिक्षा करावी लागली. जेवढं भाडं झालं तेवढ्यात पाच तिकिटं आली असती. नवऱ्याने दार उघडलं, वळणारी रिक्षा पाहिली आणि आत जाऊन एकच रेघ ओढली. 43.

ही गोष्ट त्याने आजवर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली आहे. वर त्याचा आवडता दाखला: 2006 मध्ये छापून आलेला अमेरिकेतला एक अभ्यास. महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे जिमचे सभासद सरासरी 4.3 वेळाच जात. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरहून जास्त, आणि तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप 10 डॉलरला पडली असती. अभ्यास खरा आहे, मी वाचलाय. माझ्यावर लागू करणं चूक आहे.

कारण त्या महिन्यात माझी मावशी पाय मोडून पडली होती. तिचं घर वाटेवर. संध्याकाळी मी मध्येच उतरायचे, तिच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरून ठेवायचे, पंधरा मिनिटं बसायचे आणि मागची बस पकडायचे. असं 11 वेळा. आमच्या बसला अंतर कितीही असो, तिकीट एकच, पण मध्ये उतरलात की पुढे नवं. म्हणजे 42 आणि 11, झाले 53. पास कधीच वसूल झाला होता! हे घरी बोलले नाही, कारण मावशीकडे जाण्यायेण्यावरून तेव्हा वेगळंच महाभारत चालू होतं, ते इथे नको. त्या रात्री मी पास वसूल करायला गेलेच नव्हते, कॅलेंडर भरायला गेले होते.

तेव्हा तुम्ही घर-ऑफिस मोजू नका, तिकिटं मोजा. कार्ड वापरत असाल तर गेल्या महिन्याच्या नोंदी काढा; नसाल तर दोन आठवडे सगळी तिकिटं पर्सच्या एकाच कप्प्यात टाका. जाताना एकदा गाडी बदलावी लागत असेल आणि दुसऱ्या गाडीला वेगळं तिकीट पडत असेल, तर तुमच्या 26 च्या 52 होतात आणि माझं वरचं पहिलं वाक्य खोटं ठरतं.

अजून एक, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: तुमच्याकडे भाड्याला कमाल मर्यादा आहे का ते बघा. लंडनला ऑयस्टर कार्डावर (आधी पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड) 2005 पासून दिवसाची मर्यादा आहे. ठरलेली रक्कम कापली गेली की त्या दिवसाचा पुढचा प्रवास फुकट. कॉन्टॅक्टलेस बँक कार्डांना 2014 पासून सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही आहे. अशी सोय असेल तर आधीच पैसे भरून बसायची गरज बहुधा पडत नाही. नसेल, तर पास निदान सुट्ट्या बघून काढा, आणि तो तारखेपासून तीस दिवस चालतो की महिनाअखेरीला संपतो ते विचारून घ्या.

एकदा काढलात की मात्र मोजणं बंद. गेलेले पैसे रिकाम्या बसमधून फिरून परत येत नाहीत. नवरा हेच म्हणाला होता, तेव्हा मी ऐकलं नाही.

मावशी आता ठणठणीत चालते. परवा आमच्याकडे आली होती, तर त्याने तिलाही रिक्षाची गोष्ट सांगितली. ती माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली, बोलली काही नाही.