ती शपथ मोडच

'मावशी, मी डोंबिवलीत असते, माहेर देवगड तालुक्यातलं. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रविवारी रात्री साडेबाराला एका मित्राने त्यावर लिहिलं, "आता पुरे झाला. माझ्याशिवाय सगळ्यांचा बरा चलतला." दोघातिघांनी नुसते हात जोडले. एकाने लिहिलं, "ह्येका आता रत्नांग्रीक न्हेवक व्हया", त्यावर सहा हसरे चेहरे. मी वेगळा मेसेज केला तर म्हणाला, कोणाला सांगू नको, तुला आईची शपथ. दोन वर्षं आंबा गेला, डोक्यावर कर्ज, बायको माहेरी. आता दोन दिवस मात्र एकदम खुशीत आहे. स्वतःचा पाग, म्हणजे मासे पकडायचं फेकजाळं, शेजारच्या पोराला देऊन टाकला म्हणे. मी उगाच घाबरतेय का?'

उगाच नाही गं. तुझं पत्र वाचलं त्याच रात्री तुला दोन ओळी कळवल्या होत्या: आधी त्याला फोन लाव, मग त्याच्या वहिनीला. बाकीचं आता सविस्तर लिहिते, तुझ्या परवानगीने आणि ओळख पटेल ते बदलून. असा ग्रुप प्रत्येकाच्याच फोनमध्ये असतो.

तुझ्या पत्रात मी अडखळले ती कर्जापाशी नाही, पागापाशी. आपल्याकडे माणूस होडी उसनी देईल, पण हाताला बसलेला पाग सख्ख्या भावालाही देताना दहा सूचना करील. तो त्याने देऊनच टाकला. आवडीची वस्तू अशी वाटून टाकणं आणि फार हाल काढल्यावर अचानक निवांत होणं, या दोन्ही खुणा हलक्यात घ्यायच्या नसतात. बरा झाला असेल तर आनंदच. पण मनाशी काही ठरवून टाकलं की तशीही शांतता येते.

म्हणून सरळ विचार. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. हे तपासून पाहिलेलं आहे, आणि विचारल्यावर बहुतेकांना हायसंच वाटतं. फक्त प्रमाण मराठीत विचारू नको, बँकेच्या साहेबासारखं वाटेल. 'खरा सांग, जीव देवचो इचार येता काय तुझ्या मनात?' आणि मग गप्प बस. हे गप्प बसणं मला फार उशिरा जमलं. एकदा एका बाईला मी घाईघाईने 'होईल गं सगळं ठीक' म्हणाले आणि पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी ती पुढे बोललीच नाही. 'पोरांचा विचार कर', 'भित्रा आहेस' ही वाक्यंही तशीच, दार लावून घेणारी.

'हो' म्हणाला, तर कसं, कधी हेही ठरवलंय का ते विचार. ठरवलं असेल तर त्या क्षणापासून त्याला एकटं ठेवायचं नाही. तू डोंबिवलीत, म्हणून वहिनी किंवा वाडीतलं कोणीतरी जवळ हवं. फवारणीच्या औषधांची खोली आणि घरातल्या गोळ्या कुलपात, किल्ली दुसऱ्याच्या घरी. तो टोकाचा आवेग बरेचदा थोडा वेळच टिकतो, आणि तेवढा वेळ निभावणं फार मोलाचं असतं. जिवाला तातडीचा धोका दिसला तर ११२ किंवा १०८.

शपथेचं म्हणशील तर ती मोड. रागावेल, चार महिने बोलणार नाही. चालेल. फक्त त्याच्यामागे गुपचूप करू नको. 'मी वहिनीक सांगतंय' असं त्यालाच आधी सांग.

घरचे पोलीस केसला घाबरतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असं धरायला सांगितलं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर प्रयत्नाला शिक्षा देणारं जुन्या दंड संहितेतलं ते ३०९ कलम नाहीच. आणि रत्नांग्रीचा विनोद! तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, तेव्हापासून आपण त्या गावाचं नाव शिवीसारखं वापरतोय. डॉक्टरकडे जाणं म्हणजे तिथे कोंडून घेणं नव्हे. तुम्हाला ओरोसचं जिल्हा रुग्णालय जवळ, तिथे चौकशी करा. त्याआधी १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करता येतो. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. तूसुद्धा कर, त्याच्याशी कसं बोलायचं ते विचारायला.

कर्ज हे एकच कारण धरून सगळ्यांनी वर्गणी काढायला धावू नका. पैसे लागतीलही, पण झोप उडालेला, जेवण सुटलेला माणूस आजारीही असू शकतो आणि त्यावर औषध आहे. ग्रुपवर चर्चा नको, त्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तर नकोच. ज्याने विनोद केला त्याला वेगळा फोन कर. बहुधा तोच आधी मोटरसायकल काढून त्याच्या अंगणात जाईल. असली माणसं बरेचदा घाबरून हसतात.

काल तुझं उत्तर आलं. वहिनी रात्रभर थांबली, सकाळी तो पेज प्याला, ओरोसला गुरुवारी नेणार आहेत. मग गुरुवारी संध्याकाळी फोन कर, डॉक्टर काय म्हणाले विचार. त्याच्या पुढच्या गुरुवारीही कर. आणि आज रात्री मोबाईल उशाखाली घेऊन जागू नको. वहिनी तिथे आहे, तू झोप.