वहीतले अंदाज आणि शाखेचा प्रश्न

पत्र : मॅडम, मी अंबड एमआयडीसीत विजेचे पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. मुलीची यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीही देऊन झाली. गणित आणि फिजिक्स चांगलं आहे. पण गेलं वर्षभर तिला एकच नाद लागलाय. पुढे येणाऱ्या पातळ लॅपटॉपमध्ये कुठला प्रोसेसर बसवतील, तो तापेल का, पंखा लागेल का, याचे अंदाज ती वहीत लिहीत बसते. घरचा जुना लॅपटॉप उघडून बघते. तिचे मामा म्हणतात, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेऊन टाका, पैशाचं बघू. ती म्हणते, मेकॅनिकलचा विचार करू या का? मुलीने मेकॅनिकल घ्यावं का? आणि हा नाद पोटापाण्याचा आहे की नुसता टाइमपास? वहीच्या काही पानांचे फोटो सोबत पाठवतोय. – एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पत्राआधी मी वहीची पानं वाचली आणि एका पानावर बराच वेळ थांबले. तिथे तुमच्या लेकीने एका येऊ घातलेल्या लॅपटॉपबद्दल लिहिलंय : जाडी १२ मिलिमीटरच्या आत, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, पंखा नाही. ‘म्हणजे प्रोसेसर सतत १२ वॉटच्या वर चालू शकणार नाही, कंपनी काहीही सांगो.’ त्याखाली आकडेमोड आहे. कीबोर्डच्या बाजूचा पत्रा ३० बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ०.०६ चौरस मीटर. धातू ४५ अंशांच्या पुढे गेला की हाताला नकोसा होतो, म्हणून पृष्ठभाग ४५ अंशांवर धरलाय. खोली २५ अंश. पंख्याशिवाय, हवा आणि प्रारण मिळून, दर चौरस मीटरला दर अंशामागे सुमारे १० वॉट बाहेर जातात. ०.०६ गुणिले १० गुणिले २०, उत्तर १२ वॉट.

न्यूटनचा कूलिंगचा नियम अकरावीत मार्कांपुरता पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. तो या मुलीने अजून बाजारातही न आलेल्या वस्तूवर लावून बघितला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता त्याच गणितात खोलीचं तापमान बदलून बघा. २५ अंश ही एसी लावलेल्या ऑफिसातली खोली झाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० ला टेकतो. सिडकोतल्या वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत दुपारी काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ४५ वजा ४०, म्हणजे फरक राहिला फक्त ५ अंशांचा. ०.०६ गुणिले १० गुणिले ५, उत्तर ३ वॉट. लॅपटॉप तोच, प्रोसेसर तोच, पण नाशिकच्या दुपारी त्याला चौथा हिस्साच उष्णता बाहेर टाकता येते. खालच्या बाजूनेही थोडी जाते, तरी प्रमाण फारसं बदलत नाही. एवढी एक ओळ त्या पानात भरली की तिचा अंदाज आणखी पक्का होईल.

तुम्ही विचारलंय, हा टाइमपास आहे का. पॅनलची टेम्परेचर राइज टेस्ट तुम्ही स्वतः करता. बसबारच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या जोडांवर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावायचे, पूर्ण करंट सोडायचा, तापमान स्थिर होईपर्यंत तासन्‌तास नोंदी घ्यायच्या आणि भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश वाढलं ते मोजायचं. तुमची लेक पॅनलच्या जागी लॅपटॉप ठेवून नेमका हाच प्रश्न विचारतेय : बंद डब्यात वीज जळतेय, उष्णता बाहेर कशी काढायची? तुम्हाला कारखान्यात ज्याचा पगार मिळतो, त्याच विषयात ती शिरलीय. घरात यावर बोलणं झालेलं दिसत नाही. आजच सुरू करा.

उद्योगातही हा प्रश्न मोठा आहे. प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे चिपच्या वेगाच्या, प्रमाणात वाढते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले तर विजेचा खर्च तेहतीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून वेग वाढवत नेण्याचा रस्ता एका टप्प्यावर बंद पडला. २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ नंतर येणारी तेजस नावाची चिप बाजारात येण्याआधीच सोडून दिली आणि एका चिपवर एकापेक्षा जास्त कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग, घालण्याकडे मोर्चा वळवला. त्यामागे उष्णता हे मोठं कारण होतं.

पातळ लॅपटॉपचा सगळा इतिहास याच भांडणाचा आहे. २०१५ मध्ये अ‍ॅपलने १२ इंची मॅकबुक पंख्याशिवाय काढला, तेव्हा त्यात जेमतेम ५ वॉटच्या घरातला कोअर एम प्रोसेसर बसवावा लागला. २०२० च्या नोव्हेंबरात एम१ चिप आली, ती मॅकबुक एअरमध्ये पंख्याशिवाय आणि १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये पंख्यासह. दोन-चार मिनिटांच्या कामात दोन्ही जवळजवळ सारखेच वेगवान. काम लांबलं की एअर मंदावतो, प्रो टिकून राहतो. ‘कुठला प्रोसेसर’ या प्रश्नाचं उत्तर अर्धंच असतं, उरलेलं अर्धं तो कुठल्या बॉडीत बसवलाय यात असतं, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिच्या वहीत हे उदाहरण नाही, तेव्हा तिला जरूर सांगा.

जाहिरातीतल्या वॉटच्या आकड्यावर तिने एका पानावर राग काढलाय. तो राग रास्त आहे, पण त्यामागचं कारण तिला कळायला हवं. १५ वॉटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर पहिले काही सेकंद त्याच्या दुपटी-तिपटीने वीज खेचू शकतो. टाकीत दोन इंची पाइपने पाणी येतंय आणि अर्ध्या इंचीने जातंय असं समजा. टाकी रिकामी असेपर्यंत काही बिघडत नाही. तांबं, अ‍ॅल्युमिनियम, हीट पाइप ही सगळी मिळून ती टाकी. ती भरली, चिप १०० अंशांच्या आसपास पोचली, की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. त्यामुळे ‘किती वॉटचा’ असं न विचारता ‘किती वेळ किती वॉट’ असं विचारायचं.

आता शाखेचं. ‘मेकॅनिकल की कॉम्प्युटर’ हा वाद मामांशी घालण्याआधी वही पुन्हा वाचा आणि तिने दिलेली कारणं बघा. तिचे अंदाज दोन जातींचे आहेत. काही ठिकाणी ती लिहिते की मोठे कोअर किती, छोटे किती, चिप किती नॅनोमीटरची, मेमरी प्रोसेसरच्या शेजारी त्याच पॅकेजवर बसवली तर वीज किती वाचेल. इंटेलने २०२४ च्या लुनार लेकमध्ये मेमरी तशीच बसवली, आणि त्यावर तिने नीट लिहिलंय. हे इलेक्ट्रॉनिक्सचं आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चरचं काम. ज्याला यात रस आहे त्याने ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घ्यावं, पुढे व्हीएलएसआय, म्हणजे चिपची रचना, करावं.

पण तुम्ही पाठवलेल्या पानांत बहुतेक जागा दुसऱ्या जातीच्या प्रश्नांनी भरलीय. हवा कुठून आत जाईल, बिजागरापाशी जाळी दिली तर स्क्रीन उघडल्यावर तिचं तोंड झाकलं जाईल का, हीट पाइप दाबून चपटा केला तर आतली वाफ कशी पलीकडे जाईल. हीट पाइपच्या आत थोडंसं पाणी असतं, ते गरम टोकाला वाफ होतं, थंड टोकाला पुन्हा पाणी होऊन जाळीतून परत येतं, हे तिने आकृती काढून दाखवलंय. आकृती बरोबर आहे. हा हीट ट्रान्सफर आणि फ्लुइड मेकॅनिक्सचा भाग, आणि हे दोन्ही विषय मुळापासून शिकवते ती मेकॅनिकल शाखा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यातलं काही वाट्याला येत नाही. लॅपटॉप आवडतो म्हणून कॉम्प्युटर घेतलेली आणि दुसऱ्या वर्षी हिरमुसून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आवडत होती ती वस्तू, अभ्यासाला आला तो कोड.

माझं मत स्पष्ट आहे : ऑप्शन फॉर्ममध्ये मेकॅनिकल पहिलं, ई अँड टीसी दुसरं. कॉम्प्युटर मॅनेजमेंट कोट्यातून अजिबात घेऊ नका.

कोट्याबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती थेट तुमच्या खिशाशी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा ओबीसी प्रवर्गातली असेल, तर २०२४-२५ पासून राज्य सरकार व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला हा लाभ नाही. तुम्ही या प्रवर्गांत बसत असाल तर मामांच्या सल्ल्यापायी कोट्याचे पैसे जातीलच, शिवाय फुकट मिळणारं शिक्षणही हातचं जाईल. उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाची कागदपत्रं आताच काढून ठेवा, ऐन राउंडच्या वेळी सेतू केंद्रात रांगा लागतात.

मुलीने मेकॅनिकल घ्यावं का, असं तुम्ही मुद्दाम विचारलंय. वर्गात मुली कमी असतील, हे खरं. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फायलिंग, वेल्डिंग करावं लागेल, तेही खरं. जी मुलगी घरचा लॅपटॉप उघडते तिला त्याची भीती नाही, मग ती आपण तिच्या मनात का घालायची? पुढे या विषयातलं रोजचं काम संगणकावर सिम्युलेशन आणि लॅबमध्ये मोजमाप असं असतं.

नोकरीचं मी गोड करून सांगणार नाही. लॅपटॉपच्या रचनेचं काम तिला नाशिकमध्ये मिळेल असं समजू नका. जगातले बहुतेक लॅपटॉप तैवानच्या कंपन्या घडवतात. पण इंटेल, एएमडी, क्वालकॉम, एनव्हिडिया यांची मोठी केंद्रं बंगळुरू-हैदराबादला आहेत आणि चिप आहे तिथे थर्मल इंजिनिअर लागतोच. सर्व्हरमधल्या एनव्हिडियाच्या एका एच१०० चिपची उष्णता ७०० वॉटपर्यंत जाते. तिच्या वहीतल्या १२ वॉटशेजारी हा आकडा ठेवून बघा. डेटा सेंटर, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर, तुमचे स्वतःचे पॅनल, सगळीकडे हेच गणित आहे. लॅपटॉप हा तिचा दरवाजा आहे, आत गेल्यावर खोल्या पुष्कळ आहेत. अंबड-सातपूरमध्येही आहेत, फक्त तिथे त्याला कुणी ‘लॅपटॉपसारखं काम’ म्हणत नाही.

गंगापूर रोड, पंचवटी की त्र्यंबक रोड, कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. हीट ट्रान्सफरची लॅब उघडून दाखवायला सांगा. उपकरणांवर धूळ आहे की मुलांच्या नोंदींचे कागद आहेत ते बघा. मेकॅनिकलला राहून इलेक्ट्रॉनिक्समध्ये मायनर, म्हणजे जोडविषय, करता येतं का, आणि सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मुलांना खरंच वापरायला देतात का, तेही विचारा. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचे चेहरे कुठल्या शाखेचे, हेही विचारायला लाजू नका.

पुढचं तिला वाचायला द्या.

बाळ, तुझी वही छान आहे, पण तिच्यात एक रकाना कमी आहे. तू अंदाज लिहितेस, कारण लिहितेस, नंतर काय खरं ठरलं ते लिहीत नाहीस. प्रत्येक अंदाजाशेजारी तारीख घाल आणि यंत्र बाजारात आल्यावर तुझा आकडा आणि खरा आकडा शेजारी शेजारी मांड. चुकलेला अंदाज खोडू नकोस, दिलेल्या कारणात कुठे हुकलं ते शोध. फुटलेल्या बातम्यांवरून प्रोसेसरचं नाव ओळखण्यात फार वेळ घालवू नकोस, ते नाव काही महिन्यांत सगळ्यांनाच कळतं. बॅटरी किती वॉट-अवरची, जाडी किती, जाळ्या कुठे, यावरून तो प्रोसेसर किती वेळ दम धरेल हे सांगणं तुझं काम. बॅटरी ५५ वॉट-अवरची आणि दावा दहा तासांचा, म्हणजे स्क्रीनसकट सगळं यंत्र सरासरी साडेपाच वॉटवर चालायला हवं. असं गणित तुला येतं, तेच वाढव.

आणि मोजायला लाग. घरच्या जुन्या लॅपटॉपवर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाक. अर्धा तास सलग जड काम लावून ठेव आणि दर मिनिटाला चिपचं तापमान, वॉट आणि फ्रिक्वेन्सी टिपून घे. एकदा टेबलावर, एकदा गादीवर, एकदा मागून दोन बोटं उचलून. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिही, मग बटण दाब. पत्र्याचं तापमान घ्यायला बाबांकडून थर्मोकपल कसा चिकटवायचा ते शिकून घे, त्यांचा त्यात हात बसलेला आहे. उघडताना बॅटरीची वायर आधी काढायची, हे विसरू नकोस. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर, हीट ट्रान्सफरची व्याख्यानं मोफत आहेत. कॉलेज सुरू होईपर्यंत पहिली काही जमतील तशी बघ, सगळं कळलं नाही तरी चालेल.

या सगळ्या नोंदी पहाटे एकदा आणि भर दुपारी एकदा घ्यायच्या, खोलीच्या तापमानासह. दुपारच्या नोंदी मे संपायच्या आत उरक. एकदा पाऊस सुरू झाला की ४० अंशांची खोली तुला पुढच्या वर्षीच मिळेल.