प्रेसवर बोट गेलं आणि केसपेपरवर लिहिलं बाईकची चेन

प्रश्न : नमस्कार. माझा धाकटा भाऊ भोसरी एमआयडीसीत ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) काम करतो, पगार 14 हजार. तीन आठवड्यांपूर्वी नाइट शिफ्टला त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं प्रेसखाली गेली. सुपरवायझरने जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं आणि तिथे सांगितलं की बाईकच्या चेनमध्ये बोट अडकलं. बिल ठेकेदाराने भरलं. आता म्हणतो वीस हजार घे आणि ह्या कागदावर सही कर, सेन्सर बंद होता तर हात घातलासच कशाला, चूक तुझीच. भाऊ घाबरलाय, नोकरी जाईल म्हणतो. काय करावं?
— एक बहीण

उत्तर : ताई, सगळ्यात आधी भावाला सांगा की कुठल्याही कागदावर सही करायची नाही, कोऱ्या तर नाहीच नाही. तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं आणि रागही आला, कारण हे बाईकच्या चेनचं कारण आमच्याकडे पहिल्यांदा आलेलं नाही. कधी चेन असते, कधी घरातला मिक्सर, कधी जिन्यावरून पडला. हे असं का सांगतात तर कामावरचा अपघात लिहिला की कंपनीला त्याचा रिपोर्ट द्यावा लागतो, चौकशीला माणसं येतात, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद का होता ते विचारतात. म्हणून पहिल्या तासातच गोष्ट बदलून टाकायची, आणि माणूस वेदनेत असतो तेव्हा त्याच्या तोंडून कोण काय वदवून घेतंय हे त्यालाही कळत नाही.

आता भावाची जुनी पगार स्लिप काढा. त्यात ईएसआयच्या (कामगारांचा सरकारी विमा) नावाने कपात दिसते का बघा, 14 हजारावर 0.75 टक्के म्हणजे 105 रुपये. ती दिसली तर त्याचा दहा आकडी विमा नंबरही असणार. कपात नसली तरी आशा सोडू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात आणि 21 हजारापर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होतं, ठेकेदाराकडचा असला तरी, आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. मालकाने हप्ता बुडवला म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, ईएसआयने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा अशी कायद्यात सोय आहे. कामावरच्या इजेला अमुक महिने नोकरी झालेली पाहिजे ही अटही नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी चालतं.

केसपेपरचं काय करायचं ते सांगते. त्या दवाखान्यात जाऊन सगळ्या कागदांच्या कॉप्या मागा, एक्सरे, डिस्चार्ज कार्ड, सगळं. सोबत भावाच्या सहीचा साधा अर्ज द्या की अपघात अमुक तारखेला अमुक वाजता कंपनीत प्रेसवर झाला, हिस्टरी (इजा कशी झाली ती माहिती) मी सांगितलेली नाही, सुपरवायझरने सांगितली, आणि अर्जाच्या कॉपीवर पोचचा शिक्का घ्या. मग त्याला घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा, चिंचवडला मोहननगरला हॉस्पिटल आहे, तिथे डॉक्टरला त्याने स्वतः खरं काय ते सांगायचं आणि लिहून घेतलंय ना ते बघायचं. एवढ्यावर लगेच सगळं मान्य होईल असं नाही, चौकशी होईल. त्यासाठी त्या रात्रीचं हजेरीचं पंचिंग, गेटवरची नोंद, सुपरवायझरला आलेले-गेलेले कॉल, व्हॉट्सॲपवर कुणी "बोट कसं आहे रे" असं विचारलेलं असेल तर तो मेसेजसुद्धा जपून ठेवा. शेजारच्या मशीनवर कोण होतं? तो आज बोलायला घाबरेल, पण त्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा, ठेक्यावरची पोरं दोन महिन्यांत दुसरीकडे जातात आणि मग सापडत नाहीत. कंपनी आणि ठेकेदार दोघांना अपघात कळवणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, त्याचीच कॉपी ईएसआयच्या शाखा कार्यालयात आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या.

पैशाचा हिशोब मुद्दाम मांडते, म्हणजे वीस हजाराची किंमत कळेल. डॉक्टर जितके दिवस कामाला अनफिट म्हणून सर्टिफिकेट देतील तितके दिवस पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात, म्हणजे महिन्याला साडेबारा हजाराच्या आसपास. त्यानंतर मेडिकल बोर्ड बसतं. तर्जनीची दोन पेरं गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईक्षमतेचं नुकसान 11 टक्के धरलंय, त्या हिशोबाने महिन्याला साधारण 1,380 रुपये, आणि ते आयुष्यभर, तो परत कामाला लागला तरीसुद्धा. विशीतल्या पोराला आयुष्यभर किती होतात ते तुम्हीच बघा.

"चूक तुझीच" ह्याला फार किंमत देऊ नका. मालकाच्या कामासाठी हात घातला ना, बस. प्रेसवर दोन हातांची बटणं आणि सेन्सर चालू ठेवणं हे कंपनीचं काम आहे, प्रॉडक्शन वाढावं म्हणून ते बायपास कोण करतं ते शॉपवरच्या सगळ्यांना माहीत असतं. आणि अनफिट असतानाचा हा लाभ चालू असेपर्यंत त्याला कामावरून काढता येत नाही. तोंडी "येऊ नको" म्हणाले तर तारीख लिहून ठेवा, राजीनामा मात्र द्यायचा नाही.

अजून एक, तुमच्या भावासाठी आता उपयोग नाही पण प्रेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. तुटलेलं बोट टाकून देऊ नका. स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फाला बोट थेट लागू द्यायचं नाही. आणि जवळचा दवाखाना न बघता प्लास्टिक सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. चिरडलेलं बोट प्रत्येक वेळी जोडता येत नाही पण ते डॉक्टरला ठरवू दे, सुपरवायझरला नाही.

प्रश्न : माझे मिस्टर (वय 40) नाशिकला बिल्डिंगच्या साइटवर प्लास्टरचं काम करतात. परांचीवरून पडून पाय मोडला, रॉड टाकलाय. ठेकेदार फोन उचलत नाही.

उत्तर : ताई, साइटवरच्या मजुरांनाही ईएसआय लागू होऊ शकतं, तर आधी ते विचारून घ्या. नसेल तर 1923 चा भरपाई कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. ठेकेदार पळाला तरी बिल्डरला धरता येतं, म्हणून नोटीस दोघांच्या नावाने द्या. हिशोबासाठी मजुरी महिन्याला जास्तीत जास्त 15 हजार धरतात. तिच्या 60 टक्क्यांना कायद्याच्या तक्त्यात वयासमोर दिलेल्या आकड्याने गुणायचं, चाळिशीला तो 184.17 आहे. डॉक्टरने 20 टक्के कायमचं नुकसान लिहिलं तर त्या गुणाकाराचे 20 टक्के, म्हणजे रक्कम 3 लाख 31 हजाराच्या पुढे जाते. घरी बसलेल्या काळाची साधारण अर्धी मजुरी वेगळी. महिन्याच्या आत दिली नाही तर वर व्याज लागतं. कामगार न्यायालयात दावा दोन वर्षांच्या आत टाका, पाय बरा होऊ दे मग बघू असं करू नका. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे त्यांची नोंदणी असेल तर तिथेही अर्ज करा.

प्रश्न : ड्युटी संपवून स्वतःच्या गाडीवर घरी येताना अपघात झाला तर कामावरचा धरतात का?

उत्तर : ईएसआयमध्ये धरतात, 2010 च्या दुरुस्तीपासून. वेळ, जागा आणि काम ह्यांचा संबंध मात्र दाखवावा लागतो. सुटल्याचं पंचिंग, नेहमीचा रस्ता आणि पोलिसांचा पंचनामा एवढं जवळ ठेवा. वाटेत लग्नाला जाऊन चार तासांनी निघालात तर अवघड जाईल.