‘काढतोस कधी?’

गोव्यात फोंड्याला मी मुलांचं समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया हेच सांगतात, ‘मॅडम, दातांना तारा लावल्या, एवढे पैसे भरले आणि हा रबरच लावत नाही. तुम्ही जरा समजावा.’

समजावून सगळे आधीच थकलेले असतात. निनादचंही (नाव बदललं आहे) तसंच होतं. वय चौदा. वरचे-खालचे दात जुळवणारे बारीक रबर दिवसात वीस तास तरी हवेत, जेवताना आणि ब्रश करताना तेवढे काढायचे. सहा महिने दात जागचे हलले नव्हते.

पहिल्या भेटीत फक्त आई बोलली. दुसऱ्या वेळी मी त्यांना बाहेर बसवलं. ‘का लावत नाहीस?’ हे मी मुलांना विचारत नाही; ‘विसरतो’ याखेरीज उत्तर येत नाही. मी म्हटलं, ‘काढतोस कधी?’

‘आरतीच्या तालमीला.’

‘घुमट आरती?’ मी विचारलं. घुमट हे गोव्यातलं मातीचं चर्मवाद्य; चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याच्या तालावर आरत्या गातात.

‘हो. चवथीला स्पर्धा आहे. वरचा सूर लावताना तोंडच उघडत नाही.’

‘आणि तालीम संपल्यावर?’

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘घरात पाऊल टाकलं की आई विचारते, रबर लावलास? मग नाहीच लावत.’

इतक्या वर्षांच्या कामात माझी एक खात्री झाली आहे: ज्या गोष्टीची राखण दुसरा करतो, ती मुलाला आपली वाटत नाही. हे रबर आईचे झाले होते.

पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे तो एकटाच आत गेला. तालमीपुरती सूट त्यानेच मागितली आणि मिळवली. डॉक्टरांनी त्याला समजावलं, की दातावर सतत हलका ताण राहिला तरच एका बाजूचं हाड विरघळतं, दुसरीकडे नवं भरतं. खंड पडला की दात मागे फिरू लागतो, आणि दुप्पट रबर लावून ती भरपाई होत नाही.

आईबाबांनो, रबरांचं पाकीट मुलाच्या हाती द्या. रोजची चौकशी थांबवा. पहिले दोन-चार दिवस दुखतं, वर्गात बोलताना लाज वाटते, हे त्याला मोकळेपणी बोलू द्या. निनादच्या आईंना गप्प राहणं फार जड गेलं. मला ते त्या मुलाच्या कष्टांइतकंच मोलाचं वाटतं.

तारा ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा निघाल्या. आता दात जागेवर राहावेत म्हणून रात्रीची प्लेट आहे. परवा आईंचा फोन आला. प्लेटचा विषय निघाला नाही. चवथीला आरती ऐकायला या, म्हणाल्या.