एचडीएल ६२ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका

पहिलंच लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) ना? मग ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ६२ आहे म्हणून लगेच पेढे वाटू नका. एचडीएल पुरुषांत ४०, बायकांत ५०च्या खाली असेल तर धोका जास्त दिसतो, हे खरं. पण वाढलं की हृदय सुरक्षित, असं नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने ते भरपूर वाढायचं, तरी मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये चाचणीच थांबवावी लागली.

सध्या एवढंच बघा:
- एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल
- नॉन-एचडीएल, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल (गणित घरीच होतं)
- बीपी, साखर, तंबाखू, घरात कुणाला कमी वयात आलेला हार्ट अटॅक

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे रेशो (एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल) छान दिसला की स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) परस्पर बंद करणं. तसं करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. चालायला लागलाय ते मात्र सोडू नका, एचडीएल जागचं हललं नाही तरी.