गॅस टर्मिनल बंदरावर, हरकत चोपड्यातून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी बहीण किनाऱ्यावरच्या बंदरगावात दिली आहे. तिथे आयात गॅसच्या टर्मिनलला मच्छीमारांचा विरोध आहे. जनसुनावणी उधळून लावायची, असं काहीजण म्हणतात. आम्हाला इथून काही करता येईल का? (चोपडा)

उत्तर : सुनावणी उधळणं अंगाशी येऊ शकतं. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत तशी तरतूदच आहे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येत नाही, असा अहवाल गेला तर जनसुनावणी वगळूनही पुढची प्रक्रिया चालवता येते. म्हणजे घोषणा तुमच्या आणि सोय कंपनीची!

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो, मराठी सारांशही असतो. पण नुसत्या सारांशावर विसंबू नका, खरी मेख परिशिष्टांत असते.

हा गॅस उणे १६२ अंशांवर द्रवरूपात येतो आणि वायू झाला की सुमारे ६०० पट फुगतो. तो गरम करायला बऱ्याच ठिकाणी समुद्राचं पाणी वापरतात. ते थंड होऊन, क्लोरीनचा अंश घेऊन परत खाडीत जातं. म्हणून विचारायचं ते असं : सोडलेलं पाणी किती अंशांनी थंड असेल, आणि किती अंतरापर्यंत? वर्षाला जहाजं किती, आणि प्रत्येक वेळी होड्यांना वाट किती तास बंद? गाळ उपसून टाकणार कुठे? लाटरोधक बांध आधी होणार की नंतर? रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला तो अपुरा राहिल्याने टर्मिनल वर्षानुवर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागलं. तेव्हा हा शेवटचा प्रश्न सोडू नका.

सुनावणीच्या शेवटी सगळे मुद्दे मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. आपला मुद्दा गाळला असेल तर तिथेच उठून सांगायचं. सुनावणीत बोलण्याचा हक्क मुख्यतः तिथल्या बाधितांचा. ज्यांचा खरोखर संबंध पोचतो असे बाहेरचे लोक लेखी म्हणणं देऊ शकतात, तुम्ही तेच करा. मंजुरी मिळालीच, तर हरित लवादाकडे (पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) अपील ३० दिवसांत.

प्रश्न : असल्या गॅसची पाइपलाइन आमच्या केळीतून जाणार असेल तर? जमीन जाते का? (रावेर)

उत्तर : जमीन तुमच्याच नावावर राहते. पाइपलाइनसाठीच्या १९६२ च्या कायद्याने फक्त खालून पाइप नेण्यापुरता वापराचा हक्क घेतला जातो. पण त्या पट्ट्यात पुढे घर, विहीर, शेततळं करता येत नाही, झाडंही लावता येत नाहीत. हरकतीला मुदत २१ दिवसांची. ती कुठून मोजायची, ते अधिसूचनेत पाहा.

‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर हरकत टिकत नाही. गट क्रमांक टाका, विहीर आणि सबमेन (ठिबकची मोठी नळी) दाखवणारा नकाशा जोडा आणि रेषा बांधाकडून वळवण्याची मागणी करा. राहतं घर, त्याला लागून असलेली जागा आणि आधीपासूनचं पक्कं बांधकाम यांखालून पाइप नेता येत नाही. जमिनीखाली किमान १ मीटर खोली कायद्यातच आहे.

मोबदला म्हणजे प्रत्यक्ष नुकसान, शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. तो पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. पंचनाम्यात नुसतं ‘केळी’ लिहू देऊ नका. नवी लागवड की पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेली बाग), निसवलेली (घड बाहेर पडलेली) किती, खोडं किती, लॅटरल (ओळीतली ठिबकची बारीक नळी) किती मीटर, सगळं लिहून घ्या आणि मगच सही करा. खोदताना वरची काळी माती वेगळी ठेवायला लावा. मुरूम वर आला तर तो पट्टा पुढे पिकत नाही. पाइपसाठी खोदून बुजवलेला चर पहिल्या मोठ्या पावसात बसतो आणि वरून टाकलेली सबमेन तिथेच तुटते, म्हणून पावसाळ्यानंतर पुन्हा भराव करून देण्याची अट लेखी घ्या.

प्रश्न : गळती झाली तर वास येईल ना? (शहादा)

उत्तर : येईलच असं नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. मोठ्या वाहिनीतला गॅस बऱ्याचदा बिनवासाचाच असतो. रेषेवरचं पीक पट्ट्यातच पिवळं पडलं, साचलेल्या पाण्यात बुडबुडे आले किंवा फुसफुस ऐकू आली, तर मोटार चालू-बंद करू नका, ट्रॅक्टरही जवळ नेऊ नका. वारा जिकडून येतोय तिकडे दूर जा आणि पाइपलाइनच्या मार्गदर्शक खांबावरच्या क्रमांकावर तिथून फोन करा. तो क्रमांक आजच लिहून ठेवा.